शंभर मीटरनंतरची भिंत

माझ्या सुनेला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली त्याला आता अकरा आठवडे झाले. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "मग काय, आता आराम ना तुम्हाला?" मी हो म्हणते. खरं सांगायला बसले तर जिन्यातच संध्याकाळ व्हायची, आणि विचारणाऱ्यालाही तेवढं ऐकायचं नसतं. पण मी तोंडाची फटकळ बाई आहे. पोटात ठेवलेलं मला पचत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी सून कोण ते सांगते. वय बेचाळीस. उंचीने बेताची, बोलण्यात त्याहून बेताची. ती लग्न होऊन आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी कापड कारखान्यात तपासणी टेबलावर काम करत होते. वर्षभरात मी शब्द टाकला आणि तिला माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं. घरात सासू आणि कामावरही सासूच. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच महिन्यात पळाले असते. ती पळाली नाही, वीस वर्षं त्या खुर्चीत बसली. मी निवृत्त झाल्यावरही बसली.

तपासणी टेबल म्हणजे तिरकी काच, काचेखाली दिवे आणि रुळावरून सरकत येणारं कापड. समोर बसायचं आणि बघायचं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, विणीतलं भोक. काही दिसलं की पायाखालची पट्टी दाबून कापड थांबवायचं, काठाला लाल दोरा बांधायचा, पट्टी सोडायची. हे आठ तास. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच आमच्या खात्याला कुणी फारसा मान दिला नाही.

मी नवीन लागले तेव्हा रांगेच्या टोकाला एक बाई बसायच्या, त्यांना सगळ्या थोरली म्हणायच्या. पन्नाशीतच त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा धूसर दिसायला लागला होता. आवाजावरून ओळखायच्या. त्यांनी आम्हाला एकदा डबा खाताना सांगितलं, "मी नुसती बघत राहिले गं. थांब म्हणून सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही थांबा." तेव्हापासून आमची रीत पडली. शंभर मीटर कापड गेलं की पट्टी दाबायची, मान उचलायची, पलीकडच्या लांबच्या भिंतीवर नजर टाकायची आणि मनात वीस मोजायचे. भिंतीवर आम्हीच उरलेल्या हिरव्या रंगाने ताटाएवढा गोल काढला होता. याला आम्ही 'भिंत घेणं' म्हणायचो. मुकादम कुरकुरला, साहेबाने घड्याळ लावून पाहिलं, पण आम्ही कुणाला बधलो नाही. मी सत्तरीची आहे आणि आजही सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते. ती त्या भिंतीची कृपा.

सून सुरुवातीला भिंत घ्यायला विसरायची. कामात घुसली की घुसली. मग मी शेजारून तिच्या कोपराला चिमटा काढायचे. किती चिमटे काढले असतील त्याला गणती नाही. दोनेक वर्षांत तिच्या अंगात घड्याळच बसलं. मीटरच्या आकड्याकडे न बघता, दर दहा मिनिटांनी तिची मान आपोआप वर जायची, नजर डावीकडे भिंतीवर जायची आणि ओठ वीसपर्यंत हलायचे. मला फार अभिमान वाटायचा. पोरीला काही दिलं असेल तर मी हेच दिलं होतं.

मग टेबलांच्या जागी यंत्र आलं. त्याला सहा कॅमेरे, आणि भिंत घ्यायची गरज नाही. एका सोमवारी सगळ्या तपासणीवाल्यांना घरी पाठवलं. त्याच्या आधीच्या वर्षी माल चढवताना माझ्या मुलाचा खांदा निखळला होता. तेव्हापासून त्याच्या त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलवत नव्हती. म्हणजे घरात तीन माणसं, आणि येणारं काय तर माझं निवृत्तिवेतन. माझ्या माघारी काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. पण जेवताना तिघंही त्याच्याभोवतीच बसत होतो.

कारखान्याने निरोप देताना एक उपकार केला. काढलेल्या लोकांसाठी आठ महिन्यांचा वर्ग काढला. सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकवणार म्हणे. सून म्हणाली, "तपासणी ती तपासणीच ना, आई. कापडाऐवजी स्क्रीन." मी म्हटलं, "जा."

आठ महिने ती सकाळी साडेसातला निघायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. वर्गात वीस-बावीस जणी, शिकवायला एक तरुण मॅडम, सुनेपेक्षा बारा वर्षांनी लहान. पहिला महिना माउस धरण्यात गेला. दुसरा महिना, एकदा दाबायचं की दोनदा, यात गेला. घरी आली की पाय पसरून भिंतीला टेकायची आणि वही मांडीवर असतानाच तिचा डोळा लागायचा. मुलगा डाव्या हाताने कणीक मळायला शिकला. चांगली मळत नव्हता, पण आम्ही खात होतो.

पण चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मॅडमनी एकदा सामान विकत घ्यायचं एक नकली दुकान स्क्रीनवर बनवून दिलं आणि म्हणाल्या, यातल्या चुका शोधा. बाकीच्यांनी पाच-सहा शोधल्या. हिने एकोणीस काढल्या. मॅडमनी स्वतः घातल्या होत्या चौदाच. बाकीच्या पाच त्यांनाही माहीत नव्हत्या. हे सांगताना सून हसत नव्हती. जणू कापडाच्या ठाणात जेवढ्या गाठी होत्या तेवढ्या मोजून सांगत होती. मीच दारोदार सांगत सुटले.

वर्गाच्या शेवटी परीक्षा. ती पास झाली तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच कंपन्या दारात उभं करणार. परीक्षा घरूनच द्यायची, दीड तासाची, समोर कॅमेरा चालू. संधी दोनच. दुसरीतही गेलं की नाव बाद, पुन्हा अर्ज नाही. खोलीत दुसरं माणूस नको, भिंतीवर कागद नको, फोन नको. मॅडमनी उसना लॅपटॉप दिला. मी आदल्या दिवशी कॅलेंडरसुद्धा उतरवून ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी आणि मुलगा बाहेर जिन्यात बसलो. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरताना विचारू लागली, भांडण झालं का? मी म्हटलं, "तसंच समजा." दीड तास माझा जीव टांगणीला. मग दार उघडलं. सून म्हणाली, "सगळे प्रश्न सोडवले. वेळ उरला." तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण तो काम उरकल्यावरचा थकवा होता, आम्हाला ओळखीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली. मुलाने वाचून दाखवली. "उमेदवाराची नजर आठ वेळा स्क्रीनबाहेर गेली. त्या वेळी ओठांची हालचाल आढळली. गैरप्रकाराच्या संशयावरून परीक्षा रद्द करण्यात येत आहे." खाली आठ छोटे फोटो. आठही फोटोंत माझी सून मान उचलून डावीकडे बघत होती. ओठ किंचित उघडे. प्रत्येक फोटोखाली वेळ होती. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तीस मिनिटं.

मुलगा म्हणाला, "कुणाशी बोलत होतीस?"

तिने आठही फोटो पुन्हा पाहिले. तिलाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"भिंत घेत होती ती," मी म्हटलं.

मॅडमनी परीक्षा घेणाऱ्यांना लिहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, काच, दिवे, थोरली, हिरवा गोल. त्यांनी तसंच्या तसं नीट लिहिलं. उत्तर आलं ते माणसाने लिहिलेलं वाटत नव्हतं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. निर्णय अंतिम आहे. आपली दुसरी परीक्षा पाच आठवड्यांनी." मॅडम म्हणाल्या, "ताई, हे सॉफ्टवेअरच पकडतं. वर बसलेला माणूस फक्त शिक्का मारतो. तुम्ही नजर हलवू नका, एवढंच करा."

एवढंच! वीस वर्षांचं वळण पाच आठवड्यांत मोडायचं म्हणजे एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासमोर बसले. सकाळी नऊ ते साडेदहा. ती लॅपटॉपसमोर, मी टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर स्टीलचा पेला आणि हातात चमचा. तिची नजर उडाली की पेल्यावर चमचा. टण्. पहिल्या दिवशी तिला कळतच नव्हतं मी का वाजवते आहे. मान वर गेलेली तिलाच जाणवत नव्हती. टण् झालं की दचकून स्क्रीनकडे यायची, ओठांवर सहा किंवा सात अर्धवट राहायचे. मग तिला उरलेले आकडे पुरे करावेसे वाटायचे आणि त्यासाठी पुन्हा मान वर. पुन्हा टण्.

आठवड्याने तिचे डोळे लाल झाले. दुसऱ्या आठवड्यात पाणी यायला लागलं. मी औषधाचे थेंब घालायचे आणि पुन्हा चमचा उचलायचे. मुलगा एकदा म्हणाला, "आई, पुरे कर." मी त्याला म्हटलं, "तू बाहेर बस." तो बाहेर बसला. त्या काळात मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. बोलले असते तर रडले असते, आणि मी रडले असते तर हिचं काय झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तिने लॅपटॉपचं झाकण धाडकन बंद केलं. वीस वर्षांत तिने माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"तुम्हीच शिकवलंत ना मला! चिमटे काढकाढून शिकवलंत! आणि आता तुम्हीच…"

"हो, मीच," मी म्हटलं. "तेव्हा शिकवलं ते डोळ्यांसाठी. आता शिकवते ते पोटासाठी. उघड."

तिने उघडलं. मी हे अभिमानाने लिहीत नाही. जे झालं ते लिहिते.

चौथ्या आठवड्यात टण् कमी झालं. पाचव्यात दोन दिवस चमचा टेबलावर नुसता पडून होता. दीड तास तिने पापणी मिटली तेवढीच, मान जागची हलली नाही. मुलाने दारातून डोकावून तिला हाक मारली, तरी नजर स्क्रीनवरच. तो चेष्टेने म्हणाला, "माझ्याकडे बघायला आता काय वाजवायचं?" आम्ही तिघं हसलो. नंतर मला ते हसू आवडलं नाही.

दुसरी परीक्षा ती पास झाली. शंभरपैकी एक्क्याण्णव. दुसऱ्या दिवशी मी जिन्यातच बातमी ऐकली आणि तिथेच थोडा वेळ बसून राहिले. गुडघे दुखत होते म्हणून, असं मी सांगितलं.

पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नव्हे. मुलाखती सुरू झाल्या. मी चष्मा लावून साहेब व्हायचे, गरज नसलेला, मुलाचा चष्मा, आणि तिला प्रश्न विचारायचे. तुमच्याबद्दल सांगा. तुमचे गुण सांगा. ती म्हणायची, "आई, तुम्हाला माझे गुण माहीत आहेत." मी म्हणायचे, "साहेबाला माहीत नाहीत. सांग." ती खाली बघून हसायची. स्वतःचं कौतुक करायला तिची जीभ वळत नव्हती.

पहिल्या कंपनीत तिला बाहेरच्या सोफ्यावर तीन तास बसवलं आणि आतून निरोप आला, जागा भरली. दुसरीत एका मुलाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" ही खरं बोलणारी. म्हणाली, "टेबलापाशी." तिथून पुन्हा फोन आला नाही. तिसरीत वय विचारलं आणि मग पाणी विचारलं, पुढचं काहीच नाही. चौथीत दोघं जण होते. त्यातल्या एकाने अर्जावरची वीस वर्षं बोटाने झाकल्यासारखी करून विचारलं, "म्हणजे या क्षेत्रातला अनुभव शून्य, बरोबर?" ती हो म्हणाली. घरी येऊन चपला काढल्या नाहीत, तशीच खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. ते हातात धरून ती बराच वेळ बसली, प्यायली नाही.

"आई, मला काहीच येत नाही असं वाटायला लागलंय," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि चपला काढ म्हटलं.

पाचवी कंपनी ही. घरबसल्या परीक्षा घेणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. हो, तेच सॉफ्टवेअर, तिची पहिली परीक्षा ज्याने रद्द केली तेच. मॅडमना तिथून फोन आला होता की पास झालेल्यांपैकी कुणी आहे का. मुलाखत घेणारे साहेब अंगात जाडसर राखाडी स्वेटर घालून बसले होते, खोली इतकी थंड. म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव स्वेटरवाले. त्यांच्यासमोर तिच्या दुसऱ्या परीक्षेचा अहवाल होता. त्यांनी तो तिच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "नव्वद मिनिटं, आणि नजर एकदाही बाहेर नाही. आमच्या यंत्रणेत असा आलेख मी पाहिला नव्हता. आधी वाटलं, कुणी फोटो लावून ठेवलाय की काय."

वीस वर्षांत जे शिकली त्याला कुणी विचारलं नाही. पाच आठवडे चमच्याने जे बसवलं त्यावर नोकरी लागली. मी ऐकून घेतलं आणि तिला जवळ घेतलं. काय करणार? नोकरी लागली होती.

काम असं. हुद्दा तपासनीस. पुढे ती सॉफ्टवेअरच्या चुका शोधणार, पण पहिले तीन महिने नव्या सगळ्यांनी रेकॉर्डिंग बघायची. परीक्षा देणाऱ्यांची नजर उडाली, कुणी मागे दिसलं, ओठ हलले की यंत्रणा तेवढा तुकडा बाजूला काढते. तो तुकडा बघून हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. हिरवं म्हणजे सोडा, लाल म्हणजे परीक्षा रद्द. तोच तुकडा दुसऱ्या जुन्या तपासनिसालाही जातो. दोघांचं जुळलं नाही तर वरचा साहेब बघतो, आणि नव्याचं चुकलं असेल तर नव्याच्या नावावर चूक लागते. तीन महिन्यांत तीन चुका झाल्या तर नोकरी कायम नाही.

पहिले दहा आठवडे एकही चूक नाही. ती सकाळी जाते, दिव्यांच्या लांब खोलीत बसते. तिथे चाळीस टेबलं आहेत आणि समोर भिंत नाही, काचच आहे, काचेपलीकडे अशीच दुसरी खोली. संध्याकाळी सहाला घरी येते. डोळे लाल. मी थेंब घालते. जेवताना ताटाकडे बघत जेवते. मी काही विचारलं तर उत्तर देते, पण मान वर करत नाही. आधी मला वाटलं रागावली आहे. मग लक्षात आलं, तिला मान वर करायची सवयच राहिली नाही. मी किती वेळा चमचा वाजवला होता ते मला तेव्हा आठवलं.

गेल्या मंगळवारी ती आली आणि चपला न काढता बसली. मी ओळखलं, काहीतरी झालंय. पाणी दिलं.

"आज एक माणूस आला होता," ती म्हणाली.

"ऑफिसात?"

"स्क्रीनवर. परीक्षा देणारा. साठीच्या आसपासचा असेल. मागे रिकामी भिंत, खुंटीला शर्ट. यंत्रणेने त्याचे सहा तुकडे काढले होते. सहाही वेळा मान वर, नजर लांब. ओठ हलत होते."

मी खाली बसले.

"मी आवाज बंद करून ओठ बघितले, आई. वीस मोजत होता. सहाही वेळा बरोबर वीस. विसावर आला की खाली. वेळा बघितल्या. दर बारा मिनिटांनी. बारा म्हणजे त्यांचं टेबल आपल्यापेक्षा हळू चालत असणार."

"कुठला माणूस?"

"नाव दिसत नाही आम्हाला. गावही नाही. नुसता नंबर." ती थांबली. "पण मला माहीत आहे तो कोण आहे."

मलाही माहीत होतं. कधी बघितला नव्हता, बघणारही नव्हते, पण तो कुठल्या खुर्चीत बसून म्हातारा झाला असेल ते मला हातावरच्या रेषांइतकं माहीत होतं.

"काय दाबलंस?"

"हिरवं."

माझा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "आणि दुसऱ्याने?"

"लाल. मग वरच्या साहेबांनी बोलावलं. स्वेटरवाल्यांनीच. मी त्यांना सगळं सांगितलं. कापड, शंभर मीटर, भिंत. हा माणूस फसवत नाही, डोळ्यांना विसावा देतोय म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, तुमचं म्हणणं पटतं, पण हे मी नियमात कुठे लिहू? उद्या प्रत्येक जण भिंतीकडे बघेल." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "चूक माझ्या नावावर लागली. पहिली."

"आणि तो?"

"रद्द. त्याला मेल गेली असेल आत्तापर्यंत. सहा फोटो."

बाहेर जिन्यात कुणीतरी बादली घेऊन चढत होतं, प्रत्येक पायरीवर ती टेकवत. मला विचारायचं होतं, पुन्हा असा कुणी आला तर काय दाबशील? अजून दोन चुका करता येतात, मग नोकरी जाते. आणि नोकरी गेली तर आम्ही तिघं कुठे, हे तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटली. ती लाल म्हणाली असती तरी, आणि हिरवं म्हणाली असती तरी.

मग तीच म्हणाली, "त्याला अजून एक संधी आहे. पाच आठवड्यांनी."

"हो," मी म्हटलं.

"त्याच्या घरी कुणी असेल ना, आई?"

मी उठले. सरावाच्या वेळचा तो पेला आणि चमचा अजून टेबलावरच होता, तो उचलून कपाटात आत, ताटांच्या मागे ठेवला. मग तिच्या शेजारी बसले, पूर्वी टेबलावर बसायचे तशी, आणि तिच्या कोपराला चिमटा काढला. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं, जिथून कॅलेंडर उतरवलं होतं आणि पुन्हा लावलंच नव्हतं. तिने मान वर केली. तिचे ओठ हलायला लागले, आणि मीही मोजायला लागले. चौदा-पंधरापर्यंत आम्ही बरोबर होतो. मग माझं मन भरकटलं. मला ती खोली दिसायला लागली, रिकामी भिंत, खुंटीला शर्ट. तिथे उद्या सकाळी कुणीतरी त्या माणसासमोर खुर्ची ओढून बसेल, बायको असेल, मुलगी असेल, आणि त्याच्या भल्यासाठी हातात चमचा घेईल.